बिडाचा एक ठोकळा आणि १९६७ चा उन्हाळा

१/
४ जून १९६७. हॉलंडमधील झांडव्होर्ट. उत्तर समुद्राच्या काठी, वाळूच्या टेकड्यांमधून वळणे घेत जाणाऱ्या या शर्यतमार्गावर जिम क्लार्क या स्कॉटिश चालकाने त्या दिवशी डच ग्रां प्री जिंकली. त्याची लोटस ४९ ही गाडी पहिल्यांदाच शर्यतीत उतरली होती. तिच्यातील व्ही-८ इंजिनाचीही ती पहिलीच शर्यत. इंजिनावर नाव होते फोर्डचे.

२/
बरोबर चार आठवड्यांनी, २ जुलैला, इंग्लंडमधील केंट परगण्यात ब्रँड्स हॅच येथे आणखी एक शर्यत झाली. गाड्या किरकोळ, टायर रस्त्यावरचे आणि इंजिन बाजारात मिळणाऱ्या फोर्ड कॉर्टिना जीटी या घरगुती गाडीचे. रे ऍलन नावाच्या चालकाने ती जिंकली. या प्रकाराला नाव दिले गेले ‘फॉर्म्युला फोर्ड’.

३/
मोटार शर्यतींच्या इतिहासात पहिल्या घटनेला मानाचे पान मिळते. दुसरी बहुधा तळटीपेत राहते. मात्र दोन्हींचा उगम एकच आहे : १९५९ साली एका स्वस्त कौटुंबिक गाडीत बसवलेले, हजार सीसीहूनही लहान असे एक इंजिन. शर्यतीच्या गाडीत कोणाला बसायला मिळाले, हा प्रश्न महत्त्वाचा मानला, तर मानाचे पान कोणाचे आणि तळटीप कोणाची, याचा पुन्हा विचार करावा लागतो.

४/
आरंभ मात्र इंजिनापासून न करता एका करापासून करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये मोटारीवरील वार्षिक कर तिच्या ‘अश्वशक्ती’वरून ठरे. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. ती एका सूत्राने काढली जाई. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतील वर्ग, गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले अडीच. पिस्टन वर-खाली किती अंतर जातो, म्हणजे स्ट्रोक किती, याचा त्या सूत्रात उल्लेखच नव्हता.

५/
परिणाम उघड होता. कर वाचवायचा तर सिलिंडर अरुंद ठेवायचा आणि हवी असलेली क्षमता स्ट्रोक लांबवून मिळवायची. ब्रिटिश कारखान्यांनी पिढीभर तेच केले. फोर्डच्या लोकप्रिय ११७२ सीसी इंजिनाचा व्यास होता ६३.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक तब्बल ९२.५. व्यास नेमका अडीच इंच; सूत्रात घातला की उत्तर येते १०. त्या गाडीला ‘फोर्ड टेन’ का म्हणत, ते यावरून कळते. करआकारणीचा आकडाच गाडीचे नाव झाला होता.

६/
लांब स्ट्रोकचे इंजिन शांतपणे ओढते, पण ते वेगाने फिरवता येत नाही. कारण एका फेऱ्यात पिस्टनला स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापावे लागते. मिनिटाला ५००० फेरे धरले, तर ९२.५ मिलिमीटर स्ट्रोक असलेल्या इंजिनातील पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १५.४ मीटर होतो. प्रत्येक टोकाला तो पिस्टन थांबवून उलट दिशेने ओढायचा असतो. हा ताण पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यावर येतो आणि फेरे वाढवत नेले की अखेर तो दांडा तुटतो.

७/
युद्धानंतर हा कर गेला. त्यानंतर फोर्डने ब्रिटनमध्ये नव्या लहान गाडीसाठी जे इंजिन आखले, त्याचे माप जणू जुन्या सूत्राचा सूड घेण्यासाठीच काढले होते : व्यास ८०.९६ मिलिमीटर, स्ट्रोक अवघा ४८.४१, क्षमता ९९७ सीसी. तेच ५००० फेरे येथे धरले, तर पिस्टनचा वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर, म्हणजे जवळपास निम्मा. जुना कर असता तर हजार सीसीहून लहान असलेल्या या इंजिनाला १६ अश्वशक्तीचा कर बसला असता!

८/
गाडीचे नाव अँग्लिया १०५ई. मागची काच आतल्या बाजूला कललेली. हॅरी पॉटरच्या चित्रपटात उडणारी जी फिकट निळी गाडी दिसते, ती हीच. १९५९ मध्ये ती आली तेव्हा तिची ताकद ३९ अश्वशक्तीच्या आसपास होती. कचेरीत जाण्यासाठी, रविवारी मुलाबाळांना समुद्रावर नेण्यासाठी ती पुरेशी होती आणि फोर्डचा हेतूही तेवढाच होता.

(या इंजिनकुळाला पुढे ‘केंट’ हे नाव पडले. कारखाना थेम्स नदीच्या अलीकडे, एसेक्समधील डॅगनहॅम येथे. पण इंजिन विभागाचे प्रमुख अभियंते ऍलन वर्टर्स राहायला पलीकडे केंट परगण्यात होते, एवढेच त्याचे कारण.)

९/
त्याच सुमारास कीथ डकवर्थ आणि माइक कॉस्टिन हे लोटस कंपनीतील दोन तरुण अभियंते स्वतःचा उद्योग उभारू पाहत होते. १९५८ साली त्यांनी कंपनी काढली आणि दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून तिला नाव दिले कॉसवर्थ. कॉस्टिन लोटसशी करारबद्ध असल्याने आरंभीची काही वर्षे भार डकवर्थवरच होता. हाताशी पैसा नव्हता, मोठे कंत्राट नव्हते. अशा वेळी अँग्लियाचे इंजिन त्यांच्या हाती लागले.

१०/
वेळही जुळून आली. इटलीतील काउंट जोव्हानी लुरानी यांनी तरुण चालकांसाठी ‘फॉर्म्युला ज्युनिअर’ हा शर्यतप्रकार सुरू केला होता. अट अशी की इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीचेच हवे. सुरुवातीला फियाटच्या इंजिनांचे वर्चस्व होते. डकवर्थने अँग्लियाच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट बदलला, श्वासाचे मार्ग मोकळे केले आणि आखूड स्ट्रोकमुळे जी मुभा मिळाली होती ती पुरेपूर वापरली. इंजिन फिरत राहिले, तुटले नाही.

११/
१९ मार्च १९६० रोजी गुडवूड येथे फॉर्म्युला ज्युनिअरची शर्यत झाली. पहिला आला लोटस १८ मधील जिम क्लार्क, पाठीमागे कॉसवर्थने फुलवलेले अँग्लियाचे इंजिन. दुसरा आला जॉन सर्टिस, मोटारसायकलचा जगज्जेता, ज्याची ती मोटारीतील पहिलीच शर्यत होती. पुढे दोघेही फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झाले. फियाटच्या इंजिनांचा काळ तेथून ओसरू लागला.

१२/
फोर्डने हेच इंजिन वाढवत नेले. व्यास तोच ठेवून स्ट्रोक लांबवायचा, असा सोपा मार्ग : १३४० सीसी, ११९८ सीसी, मग १४९८ सीसी. या शेवटच्या आवृत्तीत क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगांची संख्या तीनवरून पाच झाली, आणि शर्यतवाल्यांच्या दृष्टीने हा बदल सोन्याहून मोलाचा होता. लोटसने त्यावर दोन कॅमशाफ्टचे नवे ‘डोके’ बसवले. त्याची आखणी केली हॅरी मंडी यांनी, जे त्या वेळी एका मोटार नियतकालिकाचे तांत्रिक संपादक होते! मे १९६२ मध्ये न्यूरबुर्गरिंगच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत हे इंजिन घेऊन क्लार्क आपल्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांपुढे धावत राहिला. अखेर निकास नळीतील धुराने त्याला गुंगी आली आणि गाडी मार्गाबाहेर गेली.

१३/
१९६५ मध्ये कॉसवर्थने फॉर्म्युला थ्रीसाठी हजार सीसीचे जे इंजिन विकायला काढले, त्याचे नाव होते एमएई, म्हणजे ‘मॉडिफाइड अँग्लिया इंजिन’. सुधारलेले अँग्लियाचे इंजिन. एवढे प्रामाणिक नाव शर्यतींच्या जगात क्वचितच सापडते. मूळच्या ३९ अश्वशक्तीचे येथे सुमारे १०० झाले होते.

१४/
आता १९६७ च्या उन्हाळ्याकडे परत येता येईल.

१९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर झाली. लोटसला इंजिन पुरवणारी कॉव्हेंट्री क्लायमॅक्स ही कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. लोटसचे प्रमुख कॉलिन चॅपमन पैशाच्या शोधात निघाले. ब्रिटिश फोर्डमध्ये जनसंपर्काची धुरा वॉल्टर हेज यांच्याकडे होती. ते पूर्वाश्रमीचे वृत्तपत्र संपादक. एका वर्तमानपत्री माणसाला या खर्चाचे मोल कळले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फोर्डने कॉसवर्थला एक लाख पौंड देण्याचे ठरवले.

१५/
त्या रकमेत दोन इंजिने अपेक्षित होती. पहिले फॉर्म्युला टूसाठी, चार सिलिंडरचे, १६०० सीसीचे. नियमानुसार त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात कोरलेले असतात तो बिडाचा ठोकळा, विक्रीतील गाडीचाच हवा होता. डकवर्थने कॉर्टिनाचा ब्लॉक घेतला आणि त्यावर प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेले नवे डोके बसवले. हे एफव्हीए. त्याने २०० हून अधिक अश्वशक्ती दिली आणि १९६७ ते १९७१ या पाचही वर्षांत युरोपीय फॉर्म्युला टूचे विजेतेपद याच इंजिनाच्या गाड्यांकडे राहिले.

१६/
दुसरे इंजिन डीएफव्ही. नावाचा अर्थ ‘दुप्पट चार व्हॉल्व्ह’. कॉर्टिनाच्या ठोकळ्यावर जे डोके सिद्ध झाले, त्याच विचाराची दोन डोकी व्ही आकारात मांडलेली. झांडव्होर्टला जिंकले ते हे.

येथे एका गैरसमजाची गाठ सोडवली पाहिजे. ‘फॉर्म्युला वन जिंकणारे इंजिन अँग्लियाचेच होते’ असे विधान पुष्कळदा केले जाते. ते खरे नाही. डीएफव्हीचा ब्लॉक ऍल्युमिनियमचा आणि पूर्णपणे नवा होता; फोर्डच्या कोणत्याही विक्रीतील गाडीचा भाग त्यात नव्हता. फोर्डचे होते ते पैसे आणि नाव. अँग्लिया-कॉर्टिनाकडून डीएफव्हीला मिळाले ते लोखंड नव्हे. त्या लोखंडावर डकवर्थने सात-आठ वर्षे गिरवलेले धडे मिळाले.

१७/
डीएफव्ही कुळाने १९८३ पर्यंत १५५ ग्रां प्री जिंकल्या आणि १२ चालकांची विश्वविजेतेपदे मिळवून दिली. हे इंजिन १९६८ पासून लोटसखेरीज इतरांनाही विकत मिळू लागले आणि त्यामुळे मॅकलॅरन, टिरेल यांसारखे संघ उभे राहू शकले. किंमत एका इंजिनाला सुमारे साडेसात हजार पौंड.

आता दुसरी बाजू. २ जुलैला ब्रँड्स हॅचला ज्या गाड्या धावल्या, त्यांना घातलेली किमतीची मर्यादा होती एक हजार पौंड. संपूर्ण गाडीची, इंजिनासकट.

१८/
या कल्पनेचा उगम गरजेत होता. ब्रँड्स हॅचला जेफ क्लार्क यांची शर्यत-प्रशिक्षण शाळा होती. (जिम क्लार्कशी नाव सोडल्यास संबंध नाही.) शिकाऊ चालकांच्या हाती नाजूक शर्यती इंजिने दिली की ती मोडत आणि दुरुस्तीचा खर्च शाळा खाऊन टाकत असे. म्हणून गाड्यांत कॉर्टिनाचे साधे इंजिन बसवून पाहिले. ते टिकले. ब्रँड्स हॅचचे व्यवस्थापक जॉन वेब यांना यात एका नव्या शर्यतप्रकाराचे बीज दिसले आणि फोर्डने त्याला आपले नाव दिले.

१९/
नियम जाणूनबुजून कंजूष ठेवले होते. सांगाडा पोलादी नळ्यांचा. गाडीला जमिनीशी दाबून धरणारे पंख नाहीत. टायर रस्त्यावरचे. इंजिनाचे भाग घासून-पुसून, तोलून बसवता येतील. मात्र मोठे फेरफार नाहीत. लवकरच १४९८ सीसीच्या जागी १६०० सीसीचे नवे ‘क्रॉसफ्लो’ इंजिन आले. ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम गाडीइतकीच.

ताकद सर्वांची सारखी आणि पकड कमी. अशा गाड्या वळणावर घसरतात, एकमेकींच्या पाठीमागे हवेच्या पोकळीत शिरून सरळ रस्त्यावर पुढे निघतात. शेवटच्या फेरीपर्यंत पाच-सहा गाड्या एका हाताच्या अंतरावर. येथे जो जिंकतो, त्याच्यात काही आहे हे संघप्रमुखांना ओळखू येऊ लागले.

२०/
१९६९ मध्ये ब्राझीलहून एमर्सन फिटिपाल्डी नावाचा तरुण इंग्लंडला आला आणि फॉर्म्युला फोर्डमध्ये उतरला. त्याच वर्षी तो फॉर्म्युला थ्रीमध्ये पोहोचला. १९७० मध्ये त्याने वॉटकिन्स ग्लेन येथे ग्रां प्री जिंकली. १९७२ मध्ये तो विश्वविजेता होता, आणि पाठीमागे डीएफव्ही. दोन्ही वाटा येथे एका माणसात मिळतात : कॉर्टिनाच्या इंजिनापासून निघून डीएफव्हीपर्यंत, तीन वर्षांत.

जेम्स हंट १९६८ मध्ये याच प्रकारातून पुढे आला. दक्षिण आफ्रिकेत जोडी शेक्टरला फॉर्म्युला फोर्डमधील यशामुळेच युरोपला जाण्याचे पारितोषिक मिळाले. १९८१ मध्ये आयर्टन सेना ब्राझीलहून येऊन याच १६०० सीसी गाड्यांत पहिल्याच वर्षी दोन ब्रिटिश विजेतेपदे घेऊन गेला. तिघेही विश्वविजेते झाले.

२१/
तरीही ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा. हजार पौंडांची गाडी ही ज्याच्याकडे हजार पौंड आहेत त्याच्यासाठीच स्वस्त. नायजेल मॅन्सेल हा इंग्रज तरुण अभियंत्याची नोकरी करून शर्यती करत होता. १९७७ मध्ये ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला फोर्डच्या गाडीत त्याची मान मोडली. शरीर कायमचे लुळे पडण्यापासून तो थोडक्यात वाचला. त्याच वर्षी त्याने विजेतेपदही मिळवले. पुढच्या पायरीवर, फॉर्म्युला थ्रीमध्ये जाण्यासाठी त्याने आणि पत्नीने राहते घर विकले. १९९२ मध्ये तो विश्वविजेता झाला म्हणून ही कथा आज सांगितली जाते. घर विकून पुढे काहीच न झालेल्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

२२/
शर्यतीतील धोका इंजिन पाहून येत नाही. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत जिम क्लार्कची लोटस ४८ ओल्या रस्त्यावरून सुटून झाडांवर आदळली. तो जागीच गेला. दोनदा विश्वविजेता, २५ ग्रां प्री जिंकलेला, वय ३२. दोष बहुधा टायरचा होता, इंजिनाचा नव्हे. परंतु पाठीमागे होते ते एफव्हीए, कॉर्टिनाच्या ब्लॉकवरचे. १९६० मध्ये गुडवूडला अँग्लियाच्या इंजिनाने सुरू झालेली वाट त्याच कुळातील इंजिनापाशी संपली.

२३/
या कुळाच्या मजबुतीचा आणखी एक दाखला रॅलीचा. १९७० मध्ये लंडनहून मेक्सिकोपर्यंत वर्ल्ड कप रॅली झाली. वाटेत अँडीज पर्वताचे विरळ हवेचे घाट. फोर्डकडे दोन कॅमशाफ्टची अधिक प्रगत इंजिने होती. तरी एस्कॉर्ट गाड्यांत त्यांनी बसवले ते जुन्या पद्धतीचे, दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे १८५० सीसीचे केंट इंजिन. हन्नू मिकोला आणि गुन्नार पाम यांनी त्यावर रॅली जिंकली. ‘एस्कॉर्ट मेक्सिको’ या नावाची गाडी नंतर बाजारात आली ती या विजयाच्या स्मरणार्थ.

२४/
भारतात हीच युक्ती दुसऱ्या इंजिनाने साधली. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘फॉर्म्युला मारुती’च्या गाड्या बांधल्या. एका आसनाचा नळ्यांचा सांगाडा आणि आत मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन. सुटे भाग कोणत्याही गावच्या गॅरेजात मिळावेत, हा हिशेब ब्रँड्स हॅचचाच. नारायण कार्तिकेयनने याच गाड्यांत शर्यतींना आरंभ केला. मग तो ब्रिटनला गेला आणि १९९४ मध्ये फॉर्म्युला फोर्डची हिवाळी मालिका जिंकली. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

२५/
कार्तिकेयन ब्रिटनला पोहोचला तोवर तेथील मुख्य मालिकेत केंटची जागा नव्या १८०० सीसीच्या झेटेक इंजिनाने घेतली होती. अधिकृत पातळीवर केंट निवृत्त झाले. हौशी चालकांनी मात्र ते सोडले नाही. ब्रिटनमध्ये, अमेरिकेत क्लबांच्या शर्यती १६०० सीसीच्या जुन्या इंजिनांवरच चालू राहिल्या. भंगारातल्या गाड्यांमधून ब्लॉक काढायचे, तपासायचे, तडा नसेल तो घ्यायचा. वर्षांमागून वर्षे गेली तसे चांगले ब्लॉक मिळेनासे झाले.

तेव्हा २०१० च्या सुमारास फोर्डने या ब्लॉकचे ओतकाम नव्याने सुरू केले. ज्या गाड्यांसाठी तो मुळात आखला होता, त्यांतील एकही गाडी कारखान्यात बनत नव्हती. गिऱ्हाईक होते फक्त शर्यतवाले.